शिंदखेडा मतदारसंघ : जयकुमार रावल आणि भाजपचे अग्रक्रम, भूमिहीनांचे प्रश्न

नरडाणा हे गाव शिंदखेडा विधानसभा मतदारसंघात (क्रमांक ८) येते. हा मतदारसंघ खुला आहे. भारतीय जनता पक्षाचे जयकुमार रावल येथून २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग चार निवडणुका जिंकले. उमेदवार बदलत नाही, म्हणून त्याचा कार्यक्रम तपासायचा नाही असे होत नाही. उलट अशा ठिकाणी तो अधिक बारकाईने तपासावा लागतो. उमेदवाराने सांभाळलेली खाती, पक्षाचे संकल्पपत्र आणि या भागातील मोठे प्रकल्प यांची नोंद आम्ही येथे एकत्र करत आहोत. तसेच ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या घरात यातून काय पोहोचते, हेही पाहत आहोत.

उमेदवाराची ओळख

रावल हे दोंडाईच्याच्या राजकीय घराण्यातील आहेत. २०१६ ते २०१९ या काळात त्यांच्याकडे पर्यटन आणि रोजगार हमी योजना ही खाती होती. २०२४ च्या निवडणुकीनंतर ते पणन व राजशिष्टाचार मंत्री झाले आणि धुळे जिल्ह्याचे पालकमंत्रीपदही त्यांच्याकडे आले. त्या निवडणुकीत जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीने जिंकल्या.

पाणी

सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेचे भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाले. पावसाळ्यातील १२४ दिवसांत तापीचे ९.२४ टीएमसी पाणी उचलायचे, १३१ गावांतील ३३,३६७ हेक्टर क्षेत्र भिजवायचे, अशी ही योजना आहे. खर्च सुमारे २,४०० कोटी रुपये. अवर्षणाने पिचलेल्या या पट्ट्याला पाणी हवेच, यात दुमत नाही.

पण सिंचनाचा हिशोब हेक्टरात होतो. ज्याच्याकडे हेक्टर नाही, त्याला पाण्याचा लाभ मजुरीच्या रूपाने मिळतो. बागायत वाढली तर कामाचे दिवस वाढतील, हे खरे. मजुरीचा दर मात्र आपोआप वाढत नाही. भूमिहीन अनुसूचित जातींच्या कुटुंबांना जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजना राज्यात आहे. लाभक्षेत्रातील किती कुटुंबांना तिच्यातून जमीन मिळाली, हा प्रश्न पाण्याच्या प्रत्येक सभेत विचारला गेला पाहिजे.

रेल्वे आणि एमआयडीसी

नरडाणा मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे. धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाचे भूमिपूजनही २०१९ च्या त्याच कार्यक्रमात झाले. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. त्याचा खर्च १८,०३६ कोटी रुपये आहे. रेल्वे आली की नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीला बळ येईल, अशी अपेक्षा आहे.

येथे एक बाब लक्षात ठेवावी. उद्योगांत ८० टक्के आणि पर्यवेक्षक पदांवर ५० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असे राज्याचे २००८ चे धोरण आहे. पण त्यातील ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेली व्यक्ती. गावची किंवा तालुक्याची व्यक्ती नव्हे. म्हणजे नरडाण्याचा आयटीआय झालेला मुलगा दारातच उभा राहिला, तरी धोरण पाळल्याचे कागदावर दिसू शकते. त्यामुळे किती कारखाने आले एवढेच विचारून भागत नाही. किती जण कायम आहेत, किती जण ठेकेदाराकडे आहेत आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हे विचारावे.

जमीन गेलेल्यांचा प्रश्नही याच तालुक्याने देशासमोर आणला. विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली होती. न्याय्य मोबदल्यासाठी झगडून त्यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. सातबारा असलेल्या माणसाची ही गत, तर त्या शेतावर राबणाऱ्या मजुराचे नाव मोबदल्याच्या यादीत कोण शोधणार?

पणन आणि रोजगार हमी

कापूस-सोयाबीनची हमीभावाने खरेदी, बाजार समित्यांचा कारभार ही पणन खात्याची कामे. शेतकऱ्यासाठी ती महत्त्वाचीच आहेत. वेचणी करणारी बाई आणि बाजार समितीतला हमाल मात्र हमीभावाच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी किमान वेतन आणि १९६९ चा माथाडी कायदा आहे. पणनमंत्र्यांच्या मतदारसंघात या दोन्हींची अंमलबजावणी नमुनेदार असावी, ही मागणी अवाजवी नाही. रोजगार हमीचे खातेही त्यांनी सांभाळले आहे. मागेल त्याला काम देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. तरीही खान्देशातला मजूर दरवर्षी गुजरातकडे जातो.

पक्षाचे संकल्पपत्र

भाजपच्या २०२४ च्या संकल्पपत्रात लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २,१०० करणे, शेतकरी कर्जमाफी, २५ लाख रोजगार अशी आश्वासने होती. त्यातील दोन गोष्टी आपल्याला थेट लागू होतात.

पहिली निधीची. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. योजनेचा लाभ आपल्या भगिनींनाही मिळतो. पण तो सर्व जातींच्या महिलांसाठी आहे, तर वळवलेला पैसा केवळ अनुसूचित जातींच्या वाट्याचा होता. कर्नाटक आणि तेलंगणाने असा निधी राखण्यासाठी कायदा केला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही.

दुसरी धर्मांतराची. बळजबरीच्या आणि फसवणुकीच्या धर्मांतराविरुद्ध कठोर कायद्याचे आश्वासन संकल्पपत्रात आहे. बळजबरीला आपलाही विरोधच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा पूर्ण विचारांती, स्वेच्छेने आणि जाहीरपणे झाली होती. मात्र शेजारच्या गुजरातेत काय घडले ते पाहावे. हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात येण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल, असे परिपत्रक तेथे एप्रिल २०२४ मध्ये निघाले. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेले स्वातंत्र्य अर्जाच्या रांगेत उभे राहू नये, याची हमी आपण आमदारांकडून मागितली पाहिजे.

मत मागायला येणाऱ्यांना विचारायचे प्रश्न

१. अनुसूचित जातींचा निधी राखणाऱ्या कायद्याला आपण सभागृहात पाठिंबा द्याल का?
२. एमआयडीसीतील भरतीत तालुक्याचा वाटा किती, हे दरवर्षी जाहीर कराल का?
३. सबलीकरण योजनेतून तालुक्यात किती एकर जमीन दिली?
४. धर्मांतर कायद्यात पूर्वपरवानगीची अट नसेल, असे लेखी द्याल का?

२०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर अनुसूचित जमातींचे ३१ टक्क्यांहून अधिक आहे. आपण एकटे संख्येने थोडे आहोत. पण भूमिहीनांचे प्रश्न आदिवासी बांधवांचेही आहेत आणि अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरातही ते पोहोचले आहेत. म्हणून हे प्रश्न समाजाच्या बैठकीपुरते न ठेवता ग्रामसभेत मांडावेत, ठरावात लिहून घ्यावेत आणि हेच प्रश्न विरोधी उमेदवारांनाही विचारावेत.