दोन चाकांचा घोडा

यवतमाळहून दारव्ह्याकडे किंवा आर्णीकडे जाणाऱ्या सडकेवर एखादा तरुण मोटारसायकलचें पुढचें चाक उचलून एकाच चाकावर जातांना दिसला, कीं वडील मंडळी त्यास उडाणटप्पू ठरवून मोकळी होतात. या करामतीस ‘व्हीली’ म्हणतात. आमच्या मतें येथें दोन गोष्टींची गल्लत होते. चाक उचलणें ही विद्या आहे. तें भर रस्त्यांत उचलणें हा अपराध आहे. विद्येचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे ही सीमारेषा स्पष्ट होते.

ही विद्या मूळची घोड्याची. युरोपांतील अश्वशाळांत ‘लेव्हाद’ नांवाची चाल फार पूर्वींपासून शिकविली जाते. तींत घोडा मागचे पाय दुमडून सारा भार त्यांवर घेतो, पुढचें अंग सुमारें ३० ते ३५ अंशांपर्यंत उचलतो व क्षणभर स्थिर राहतो. बुजलेला घोडाही मागच्या पायांवर उभा राहतो, कदाचित् अधिक उंच. पण तो कसा उतरेल याचा नेम नसतो. शिकविलेला घोडा ठरल्याप्रमाणें उतरतो. भेद उंचीचा नव्हे, उतरण्याचा आहे.

महाराष्ट्रांत या शिस्तीचें उत्तम उदाहरण म्हणजे विष्णुपंत छत्रे. ग्वाल्हेरीस हद्दूखांसाहेबांकडे ते गायन शिकले, आणि अश्वविद्येंतही निष्णात झाले. चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहून त्यांस ईर्षा उत्पन्न झाली, व १८८० च्या सुमारास त्यांनीं स्वतःची सर्कस उभी केली. गायकाचा रियाज व घोड्याची तालीम एकाच पुरुषानें केली, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. शिवाय सर्कशीस रिंगण असतें. ४२ फूट व्यासाच्या त्या वर्तुळांत जोखीम कलावंताची. प्रेक्षक बाहेर सुरक्षित.

आतां यंत्राच्या घोड्याकडे वळूं. मागच्या चाकास इंजिनाचा जोर एकदम मिळाला, कीं पुढचें चाक उचललें जातें. गाडी व स्वार यांचा गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकणावर आला म्हणजे तोल साधतो. त्यापलीकडे गेल्यास गाडी स्वारासह पाठीवर पडूं लागते. तेव्हां तारणारा मागचा ब्रेक. तो हलकेंच दाबला, कीं पुढचें चाक खालीं येतें. म्हणून पायास ब्रेकची संवय अगोदर, उंची मागाहून. मोकळें बंदिस्त मैदान, हेल्मेट, हातमोजे, जाड बूट, जाणता शिक्षक, आणि चाक वीतभर उठतांच तें सरळ व सावकाश उतरविण्याचा पुनःपुन्हा सराव, हा याचा क्रम होय. चाक हवेंत असतां पुढचा ब्रेक निकामी असतो, आणि हँडलनें नेहमींप्रमाणें वळतां येत नाहीं. समोर गुरूं किंवा मूल आडवें आल्यास निष्णात स्वारही हतबल ठरतो.

या कलेंतील थोर विक्रमही हेंच सांगतात. १९८४ सालीं डग डोमोकॉस हा अमेरिकन स्वार १४५ मैल एका चाकावर गेला, तो टॅलाडेगाच्या शर्यतीच्या मार्गावर. १९९१ सालीं जपानच्या यासुयुकी कुडो यानें ३३१ किलोमीटर अंतर न थांबतां कापलें, तें त्सुकुबा येथील मोटारींच्या चांचणीमैदानावर. दोघांनींही सार्वजनिक रस्ता निवडला नाहीं.

आमच्याकडील सडकांवर कापसाच्या गाड्या, सायकलीवरून शाळेस जाणाऱ्या मुली आणि घरीं परतणारीं गुरें असतात. त्यांपैकीं कोणीही या खेळाचें तिकीट काढलेलें नसतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें धोकादायक रीतीनें वाहन हांकणें दंडनीय केलें, त्यामागील न्याय हाच. मात्र केवळ धाक घालून तारुण्याची हौस मरत नाहीं. ती आडरस्त्यास जाते, आणि तेथें शिक्षक नसतो. पोहण्यासाठीं आपण तलाव बांधतों, कुस्तीसाठीं आखाडा खणतों. या हौसेसही नगरपालिकांनीं व व्यायामसंस्थांनीं एखादें रिंगण द्यावें, आणि आईबापांनीं मुलास एवढेंच विचारावें : चाक उचलतां येतें, हें समजलें, पण उतरवितां येतें काय?