साडेचार तास

हा माणूस कल्पनेतला आहे, त्याच्या मेंदूचं घड्याळ मात्र खरं आहे. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातलं कुठलंही गाव धरा.

चार दिवस आधी : उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला आणि आपोआप बरा झाला. ‘अंगाखाली आला असेल.’ तो पूर्वइशारा होता. बीपीची गोळी तर बरं वाटतंय म्हणून कधीच बंद केलेली.

सकाळी 6.00 : बायकोशी नीट बोलून तो धार काढायला गोठ्यात गेला.

6.40 : तो जमिनीवर सापडला. उजवा हात-पाय उचलेना, तोंड डावीकडे ओढलेलं, बोलणं बोबडं. पडला कधी, कुणी पाहिलं नाही. अशा वेळी डॉक्टर वेळ मोजतात ती शेवटचं धडधाकट पाहिल्यापासून, म्हणजे 6.00 पासून.

मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. मधला भाग लवकर जातो. भोवतालचा अर्धपोटी राहून काही तास तग धरतो. सगळी धावपळ त्या भागासाठी.

6.50 : ‘वारं गेलं!’ घर माणसांनी भरलं. कुणी नाकाला कांदा लावतं, कुणी तेल चोळतं. कुणी साखरपाणी पाजतं, आणि ते सर्वांत वाईट. गिळण्याची ताकद बऱ्याचदा गेलेली असते. घोट फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. एक जाणता ॲस्पिरिन काढतो. पक्षाघाताच्या शंभरातल्या ऐंशीएक झटक्यांत गुठळी असते, उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि रक्तस्रावात तीच गोळी घात करते. फरक कळतो तो सीटी स्कॅनमध्ये.

7.30 : ‘झोपू द्या, उठल्यावर बरं वाटेल.’

या वाक्याने भले भले गेले. 1 मार्च 1953 रोजी रात्री सोव्हिएत हुकूमशहा स्टालिन आपल्या बंगल्यात जमिनीवर पडलेला सापडला. वाचा गेलेली, कपडे ओले. आत जायला पहारेकरी दिवसभर घाबरले होते. मध्यरात्रीनंतर त्याचा सहकारी बेरिया आला, साहेब झोपलेत म्हणाला आणि परतला. डॉक्टर पोचले 2 मार्चच्या सकाळी. त्यांनी जळवा लावल्या. 5 मार्चच्या रात्री 9.50 ला स्टालिन मेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या काळी लवकर येऊनही डॉक्टरांना फार काही करता आलं नसतं. आपल्याकडे आज करता येतं, तरी आपण झोपूच देतो.

9.00 : गावात सलाईन लागलं. बीपी 190. साखर कुणी तपासली नाही. ती फार उतरली तरी माणूस असाच दिसतो.

9.40 : गाडी मिळाली. रुग्णवाहिकेचा 108 नंबर कुणाला सुचला नाही. चाकूर मागे पडलं, आष्टामोड आलं. चाकूरहून लातूर 35-40 किलोमीटर, म्हणजे अंतर कधीच अडचणीचं नव्हतं.

10.30 : साडेचार तास संपले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे या मुदतीतच देतात, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून आणि बीपी 185/110 च्या खाली आणून.

10.35 : लातूर.

10.55 : स्कॅन. रक्तस्राव नाही. इंजेक्शनला पात्र ठरू शकणारा माणूस मुदत संपून पाच मिनिटांनी दारात आला होता. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढता येते, सहा तासांत, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही. पण ती सोय मोजक्याच मोठ्या केंद्रांत.

पुढचं घरच्यांनी करायचं : गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने काही न देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, डॉक्टरांनी सांगताच व्यायाम सुरू करणं. बीपीची गोळी आता कायमची.

तेव्हा घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं तर त्याला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, 108 लावा. आणि तो शेवटचं नीट कधी बोलला, ती वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.