सिस्टिक फायब्रोसिसमधील एकत्रित श्वसनोपचार

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात सीएफटीआर जनुकातील दोषामुळे फुफ्फुसांतील कफ घट्ट व चिकट होतो आणि जंतुसंसर्ग वारंवार उद्भवतो. त्यामुळे रुग्णास नेब्युलायझरद्वारे अनेक औषधे घ्यावी लागतात. बोलीभाषेत यास 'वाफ घेणे' म्हणतात. वस्तुतः ती वाफ नसून औषधाचे सूक्ष्म तुषार असतात.

औषधांचा क्रम महत्त्वाचा आहे. सामान्यतः प्रथम साल्ब्युटामॉल, नंतर ७ टक्के मिठाचे निर्जंतुक द्रावण, मग कफ काढण्याचे व्यायाम आणि मार्ग मोकळा झाल्यावर टोब्रामायसिनसारखे प्रतिजैविक दिले जाते. खारे द्रावण पाणी ओढून कफ सैल करते, परंतु त्याने श्वासनलिका आकुंचन पावू शकते. म्हणून ती रुंदावणारे साल्ब्युटामॉल आधी. डॉर्नेज अल्फा हे विकर कफात साचलेला डीएनए तोडते. ते शीतकपाटात २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावे लागते आणि नेब्युलायझरमध्ये इतर औषधांत मिसळत नाहीत.

अमेरिकेतील 'सिम्प्लिफाय' चाचणीत, नवे त्रिऔषधी उपचार घेणाऱ्या व फुफ्फुसे बऱ्या स्थितीत असलेल्या रुग्णांनी खारे द्रावण किंवा डॉर्नेज ६ आठवडे थांबवले, तरी फुफ्फुसांची कार्यक्षमता लक्षणीय घटली नाही. ही महागडी औषधे न मिळणाऱ्या रुग्णांना मात्र हा निष्कर्ष लागू करता येत नाही.

भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात सिस्टिक फायब्रोसिससाठी डॉर्नेजचा समावेश आहे. मुंबईत परळचे केईएम रुग्णालय त्याचे उत्कृष्टता केंद्र असून, बोरिवली-मुलुंडकडील कुटुंबांनाही त्यासाठी तेथेच जावे लागते.