विमानाचें वस्त्र

कापडाचें विमान म्हटलें म्हणजे अनेकांस तें खेळणें वाटेल. परंतु मनुष्याचें पहिलें यांत्रिक उड्डाण कापडाच्याच पंखांवर झालें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंतील किटी हॉकजवळ राइट बंधूंचें विमान १२ सेकंदांत १२० फूट गेलें. त्याच्या पंखांवर साधी सुती मलमल होती. ती बंधूंनीं सांगाड्यावर तिरपी बसविली. त्यामुळें तिचे धागेच आधाराच्या तारांप्रमाणें ताण सोशीत.

पुढें मलमलीच्या जागीं लिनन आलें. नुसतें कापड दमट हवेंत सैल पडतें. म्हणून त्यावर सेल्युलोजपासून केलेलें ‘डोप’ नांवाचें रोगण चढवूं लागले. तें वाळतांना आकसतें आणि कापड मृदंगाच्या पुडीसारखें ताठ होतें. मात्र कांहीं रोगणांत टेट्राक्लोरोएथेन हा विषारी द्रावक असे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमधील कारखान्यांत त्याच्या वाफेनें कामगारांस कावीळ झाली. यकृत निकामी होऊन कांहीं दगावले. त्यांत स्त्रियाहि होत्या. युद्ध चालू असतांनाच तो द्रावक तेथें सोडून द्यावा लागला.

आज हौसेनें विमान बांधणारे बहुधा पॉलिएस्टरचें कापड चिकटवून तें गरम इस्तरीनें आकसवितात. इस्तरीची उष्णता मोजून घ्यावी. फाजील ताणानें हलका सांगाडा वांकतो. नवशिक्यानें पंखापूर्वीं सुकाणूसारख्या लहान भागावर हात बसवावा. आणि रोगणाचा डबा उघडण्यापूर्वीं खिडक्या उघडाव्या, तोंडावर योग्य मुखवटा चढवावा. ही शेवटची सूचना त्या कामगारांच्या प्राणांचें मोल देऊन मिळालेली आहे.