तेरा अक्षरांची पावती: ट्रॅकिंग नंबर आला कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. आज आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे ऐकलं असेल तरी एकदा नजर टाका.

आजचा विषय तुमच्या फोनमध्येच पडलेला आहे. एसएमएस उघडा आणि पोस्टाचा एखादा जुना मेसेज शोधा. त्यात असा एक नंबर सापडेल: ईएम १२३४५६७८५ आयएन. पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं. एकूण तेरा. (हा नंबर मी उदाहरणासाठी बनवलाय, ट्रॅक करत बसू नका.)

असा नंबर साइटवर टाकताना आपल्याला एकच गोष्ट हवी असते: माझं पार्सल कुठे आहे? पण या नंबराचा इतिहास बघितला तर तो वेगळ्याच प्रश्नासाठी तयार झालेला दिसतो: आत्ता हे कोणाच्या ताब्यात आहे, आणि हरवलं तर जबाबदार कोण? हा फरक एकदा कळला की ट्रॅकिंग वाचायची पद्धतच बदलते. म्हणून सुरुवातीपासून जाऊ.

तिकीट आलं आणि पत्र बेनाव झालं

१८४० च्या आधी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा. त्यामुळे प्रत्येक पत्र म्हणजे पोस्टाची उधारीच असायची. वाटेत पत्र गहाळ झालं तर पैसेही गेले, म्हणून एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जाताना त्याचा हिशोब ठेवला जाई. १८४० साली रोलंड हिलच्या सुधारणेनंतर एका पेनीचं तिकीट लावून पत्र कुठेही पाठवता येऊ लागलं. सगळ्यांसाठी स्वस्त आणि सोपं झालं. पण पैसे आधीच मिळाल्यावर त्या एकट्या पत्राची नोंद ठेवायचं पोस्टाला कारणच उरलं नाही. थैलीत हजारो पत्रं, सगळी सारखीच. एखादं गेलं तर कोणाला कळणार?

आता पाकिटात नोटा किंवा दस्तऐवज असतील तर? लगेच पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, ब्रिटिश पोस्टाने रजिस्टर पत्राची सोय सुरू केली. फी होती एक शिलिंग, म्हणजे १२ पेन्स. साध्या पत्राच्या बारा पट जास्त! या जादा पैशात पत्र लवकर पोहोचायचं असं नाही. पैसे होते ते नोंदीचे. पत्र ज्याच्या हातात जाईल त्याने सही करायची, पुढच्याला देताना त्याची सही घ्यायची.

आपल्याकडे १८५४ हे मोठं वर्ष. डलहौसीच्या काळात १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा दर ठरला, अंतर कितीही असो. 'नॉटपेड' पत्रं त्यानंतरही चालू राहिली, पण हळूहळू तिकीट रुळलं. आणि जिथे खरंच काही पणाला लागलेलं असायचं, म्हणजे जमिनीचे कागद, कोर्टाची नोटीस, नोकरीचं पत्र, तिथे रजिस्टर आलं. त्यावर आर अक्षर आणि नंबर असलेलं लेबल. सोबत पोचपावती हवी असेल तर 'रजिस्टर एडी'. घरातल्या मोठ्यांना विचारा, दारात 'रजिस्टर आलंय' असं पोस्टमन ओरडला की सगळं घर गंभीर व्हायचं.

हे गंभीर होणं उगाच नव्हतं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ असं सांगतं की एखादा कागद टपालाने बजावायचा असेल आणि तुम्ही बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून तो रजिस्टर पोस्टाने पाठवला असेल, तर उलट सिद्ध होत नाही तोवर तो पोहोचला असंच धरायचं. विचार करा, एका लेबलावरच्या नंबरावर भाडेकरूचं घर, कोणाची नोकरी, कोणाची जमीन अवलंबून!

बावीस देश आणि एक टपाल-प्रदेश

देशाच्या आत हे जमलं. देशाबाहेर मात्र गोंधळ होता. पत्र तीन देशांतून जाणार असेल तर तिघांचे दर वेगळे, करार वेगळे. ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी एक करार केला. त्यातून जी संघटना उभी राहिली तिला १८७८ पासून युनिव्हर्सल पोस्टल युनियन म्हणतात. भारत १८७६ मध्ये सामील झाला, म्हणजे स्वतंत्र होण्याच्या कितीतरी आधी. ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन असतो तो याच करारामुळे.

कल्पना साधी होती: टपालापुरते सगळे सदस्य देश म्हणजे एकच प्रदेश. तुझं पत्र मी माझ्या गावात वाटणार, माझं तू तुझ्या गावात. या युनियनची अधिकृत भाषा फ्रेंच. फ्रेंचमध्ये रजिस्टर पत्राला 'रेकॉमांदे' म्हणतात आणि इंग्रजीत रजिस्टर्ड. दोन्ही आरनेच सुरू होतात, त्यामुळे लेबलावरचं ते आर अक्षर जगभर चाललं.

नंबर मात्र ज्याचा त्याचा राहिला. एकेकाळी अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या रजिस्टर पत्रावर न्यूयॉर्कचं एक्स्चेंज ऑफिस आपलं वेगळं नंबरी लेबल चिकटवायचं. पत्र एक आणि नंबर दोन! वहीत हाताने लिहिताना हे खपून गेलं. पण बारकोड आणि कॉम्प्युटर आल्यावर दोन देशांच्या सिस्टीमना एकाच वस्तूबद्दल बोलायचं तर वस्तूचं नाव एकच हवं. मग पोस्टल युनियनने एक प्रमाण ठरवलं. त्याचं नाव एस १०. तुमच्या मेसेजमधला तेरा अक्षरी नंबर तोच.

तेरा अक्षरं फोडून बघू

पहिलं अक्षर सेवा सांगतं. ई म्हणजे एक्स्प्रेस मेल, आपलं १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालेलं स्पीड पोस्ट यातच येतं. आर म्हणजे रजिस्टर. सी म्हणजे पार्सल. व्ही म्हणजे विमा उतरवलेली वस्तू. आणि यू? हे लक्षात ठेवा. परदेशातून मागवलेल्या अगदी स्वस्त वस्तूंच्या पाकिटावर यूने सुरू होणारा नंबर असतो. तो मुख्यतः कस्टमच्या कामासाठी असतो, त्यात डिलिव्हरीपर्यंत ट्रॅकिंगचं वचन नसतं. त्यामुळे तो अपडेट होत नसेल तर पाकीट हरवलंच असं समजू नका.

शेवटची दोन अक्षरं देशाची: आयएन भारत, यूएस अमेरिका, जीबी ब्रिटन. गंमत बघा, ब्रिटनच्या तिकिटावर आजही देशाचं नाव नसतं. तिकिटं पहिल्यांदा त्यांनीच काढली, म्हणून ही खास सवलत. पण ट्रॅकिंग नंबरात त्यांनाही जीबी लिहावंच लागतं. आणि हो, ही अक्षरं नंबर कोणत्या देशाच्या पोस्टाने दिला ते सांगतात. आतली वस्तू कुठे बनली ते नाही.

मधल्या नऊ आकड्यांपैकी पहिले आठ म्हणजे अनुक्रमांक. आठ आकड्यांत दहा कोटी नंबर बसतात. म्हणून सुरुवातीला एकाऐवजी दोन अक्षरं: ईए, ईबी, ईसी असं करत साठा वाढवता येतो.

आणि नववा आकडा माझा सगळ्यात लाडका, कारण तो पहारेकरी आहे. त्याला चेक डिजिट म्हणतात. आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं आणि बेरीज करायची. आपल्या १२३४५६७८ चं करू: ८ + १२ + १२ + ८ + १५ + ३० + ६३ + ५६ = २०४. याला ११ ने भागलं की बाकी ६. ११ मधून ६ गेले, उरले ५. म्हणून नववा आकडा ५.

आता समजा काउंटरवर कोणी घाईत शेवटचे ७ आणि ८ उलटे टाकले, १२३४५६८७. बेरीज २०६, बाकी ८, म्हणजे चेक डिजिट ३ यायला हवा. पण कागदावर ५ आहे. सिस्टीम तिथेच अडवणार. आकडा चुकणं किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल होणं, या माणसाच्या नेहमीच्या चुका. सगळ्या जागांचे गुणक वेगवेगळे ठेवलेत ते यासाठीच.

एक बारीक फट मात्र आहे. ११ मधून वजा केल्यावर उत्तर कधी १० येतं, कधी ११. जुन्या दहा आकडी आयएसबीएनमध्ये १० आलं की एक्स अक्षर लिहायचे. पोस्टाने अक्षर नको म्हणून १० ला ० आणि ११ ला ५ ठरवलं. म्हणजे बाकी ० असो की ६, दोन्हीकडे ५ च. त्यामुळे अगदी थोड्या चुका सुटू शकतात. सोपं ठेवण्यासाठी केलेली ही तडजोड आहे, आणि मला ती पटते. पोस्टाच्या काउंटरवरच्या माणसाला फक्त आकडेच टाकायला लागावेत, हे महत्त्वाचं.

जाता जाता, याची पिनकोडशी गल्लत करू नका. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, म्हणजे एका मराठी माणसाने, जे संस्कृत कवीही होते. पिनकोड पोस्टाला 'कुठे न्यायचं' ते सांगतो. ट्रॅकिंग नंबर 'हे नेमकं कुठलं' ते सांगतो.

मग ते मध्येच गप्प का होतं?

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ट्रॅकिंगचं पान म्हणजे लॉग आहे. पार्सलमध्ये जीपीएस नसतं. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, स्कॅन झाली, की एक ओळ वाढते. पोस्टल युनियनमध्ये या घटनांना नावंही ठरलेली आहेत, ईएमए पासून ईएमआय पर्यंत. ईएमए म्हणजे वस्तू पोस्टात दिली. ईएमबी आणि ईएमसी म्हणजे बाहेर पाठवणाऱ्या एक्स्चेंज ऑफिसात आली आणि तिथून निघाली. ईएमडी म्हणजे दुसऱ्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसात पोहोचली. ईएमई म्हणजे कस्टमकडे थांबली, ईएमएफ म्हणजे तिथल्या एक्स्चेंज ऑफिसातून पुढे निघाली. ईएमजी म्हणजे वाटप करणाऱ्या पोस्टात आली, ईएमएच म्हणजे दारापर्यंत जाऊन परत गेली, आणि ईएमआय म्हणजे हाती पडली.

सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो तो सी आणि डीच्या मध्ये. समजा मुंबईहून आईने मुलीला दिवाळीचा फराळ जर्मनीला पाठवला. बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनासारख्या ठिकाणी वस्तू थैलीत गेली, थैली बंद झाली, सील झाली. आता ती विमानतळावर असो, विमानात असो की दुसऱ्या विमानाची वाट बघत असो, आतल्या डब्याला कोणी हात लावत नाही. थैली उघडेपर्यंत नवी ओळ येणारच नाही. ती शांतता म्हणजे थैली बंद असल्याचं चिन्ह आहे. १८४१ च्या वहीतही दोन सह्यांच्या मध्ये कोरी जागाच असायची.

म्हणून अडचण आली तर 'कुठे आहे' यापेक्षा 'शेवटची सही कोणाची' हे बघा. शेवटची ओळ कस्टमची असेल तर कागदपत्रं तपासा. 'दार बंद होतं' असं असेल तर स्थानिक पोस्टात जा. आणि वस्तू खरंच गहाळ वाटत असेल तर तक्रार पाठवणाऱ्याने करायची, आपल्याच देशाच्या पोस्टाकडे. कारण करार त्याचा आणि त्या पोस्टाचा आहे. फराळाच्या बाबतीत मुलीने जर्मन पोस्टाशी भांडून फारसा उपयोग नाही. पावती आईकडे आहे, ती जपून ठेवायला सांगा आणि उशीर करू नका.

शेवटी एक सावधगिरी. 'पार्सल अडकलंय, पत्ता अपडेट करा' असे खोटे मेसेज पोस्टाच्या नावाने फिरतात. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही त्याबद्दल सावध केलंय. त्यात तेरा अक्षरी नंबर असला तरी भुलू नका. आत्ताच आपण कागदावर एक बिनचूक नंबर बनवला, तसा कोणीही बनवू शकतो. चेक डिजिट टाइप करतानाची चूक पकडतो, खोटेपणा पकडत नाही. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. पोस्टाची साइट स्वतः उघडा आणि नंबर स्वतः टाका.

२०२५ सालापासून देशातलं रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टात विलीन झालं. ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात देण्याची सोय आता स्पीड पोस्टवर जादा पैसे भरून घेता येते. लाल अक्षराच्या त्या लेबलाची आठवण काढून अनेकजण हळहळले. पण त्या लेबलाचं काम संपलेलं नाही. 'हे माझ्या ताब्यात आलं' असं म्हणून सही करणाऱ्यांची साखळी तशीच आहे, फक्त वहीच्या जागी स्कॅनर आलाय. पुढच्या वेळी नंबर टाकाल तेव्हा प्रत्येक ओळ अशी सही समजून वाचा.

तुमच्याकडे एखादी जुनी रजिस्टर एडीची पोचपावती असेल तर तिच्यावरच्या सह्या नीट बघा, आणि ती कशाची होती हे घरात विचारा. गोष्ट नक्की निघेल. भेटू पुढच्या भागात!