चोपचिनी, पारा आणि आपलं उटणं



मागच्या वर्षी दिवाळीला दीड महिना होता, तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीत उटण्याचा विषय निघाला. उटणं आम्ही दर वर्षी करतो. मसूरडाळ, हरभराडाळ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गुलाबाच्या पाकळ्या. वाळवायचं, दळायचं, वस्त्रगाळ करायचं, पुड्या भरायच्या. त्या दिवशी गटात नवीन आलेली एक सून म्हणाली, "ताई, पोरी आता उटणं घेत न्हाईत. मोबाइलवर चायनाच्या बाया बघतात. काचेवानी कातडी त्यांची. आपण बी पुडीवर चायनीज फॉर्म्युला असं छापू." लगेच दुसरी म्हणाली, "अन् गोरेपणासाठी हे बी टाका. त्याच्याबिगर माल खपत न्हाई."

सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. आमच्याच गटातल्या एका काकूंच्या मुलीचं तोंड मी चार दिवसांआधी पाहून आले होते. ते पुढं सांगते.

नागरमोथा आणायला मी अंबाजोगाईला काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर आहेत. मी सहज विचारलं, "काका, चायनाचं काही आहे का कातडीसाठी?" ते आत गेले आणि एक गाठाळ, तांबूस मुळी समोर ठेवली. "ही चोपचिनी. नावातच चीन आहे की."

बी.ए.ला माझा इतिहास होता, पण या मुळीबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं. घरी येऊन शोधायला लागले तर एक लांबलचक गोष्ट निघाली, आणि ती गोष्ट आपल्या बीडच्या अगदी शेजारून जाते.

आधी नाव. फारसीत 'चोब' म्हणजे लाकूड, काठी. हातात चोब धरतो तो चोबदार, म्हणजे आपल्या वारीतला चोपदार. तसंच चोब-ए-चिनी, चीनचं लाकूड, त्याची झाली चोपचिनी. दालचिनीच्या नावातही असाच चीन बसलेला आहे. ही मुळी एका काटेरी वेलीची. तिची बहीण आपल्या सह्याद्रीच्या रानात वाढते, तिला घोटवेल म्हणतात.

चीन आणि औषध म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले. पण त्यांच्या चारशे वर्षं आधी औषध उलट्या दिशेनं आलं होतं, चीनकडून आपल्याकडे. ते उतरलं गोव्याच्या बंदरात, साधारण १५३५ साली.

हे आपल्याला कळतं गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्यामुळं. ते १५३४ साली गोव्यात आले आणि मरेपर्यंत इथंच राहिले. मुंबईचं बेट काही काळ त्यांच्याकडे खंडानं होतं, म्हणजे विचार करा! १५६३ साली त्यांनी गोव्यातच एक पुस्तक छापलं. हिंदुस्थानातल्या औषधांवर, दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात. त्या गप्पांमध्ये अंतोनिया नावाची एक दासी मधूनमधून येते. मालकानं हाक मारली की पाला, फळं, मुळ्या आणून दाखवते. पुस्तकावर नाव वैद्याचं आहे. पण बाजारातून नेमकी वस्तू ओळखून आणणारी बाई ती होती, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

हेच ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे वैद्य होते आणि त्याच्या दरबारी जात-येत. आपलं बीड त्या काळी त्याच निजामशाहीत होतं. (हैदराबादचा निजाम वेगळा, तो फार नंतरचा. बायका इथं नेहमी गोंधळतात, मीही गोंधळायचे.) म्हणजे चोपचिनीचं गुणगान ज्यानं लिहून ठेवलं, तो माणूस आपल्या राजाची नाडी बघत होता.

ती मुळी इतकी गाजली कशामुळं? तर एका रोगामुळं. आता हे रेडिओवर बोलायला लाजायचं कारण नाही. त्या रोगाला आपल्याकडे फिरंग रोग म्हणायचे, आज उपदंश किंवा गरमी म्हणतात. शरीरसंबंधातून होतो. अंगावर चट्टे, फोड, जखमा. युरोपात तो १४९५ च्या सुमारास भडकला, फिरंगी लोकांबरोबर जहाजातून आपल्याकडे आला आणि पुढं चीनमध्येही पोचला. आपण त्याला फिरंग्यांचं नाव दिलं, चिन्यांनी कॅन्टनकडचं, म्हणजे दक्षिणेतल्या बंदराचं नाव दिलं. जो तो दुसऱ्याच्या माथी मारत होता. घरात बसलेल्या बायकांना तो नवऱ्याकडून मिळाला, हे मात्र कुणी नावात घातलं नाही.

त्यावर तेव्हाचा जालीम इलाज होता पारा. हो, तोच चमकणारा, हातात न ठरणारा पारा. युरोपात पाऱ्याची मलमं चोळत. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात भावमिश्रांनी रसकापूर, म्हणजे पाऱ्याचाच क्षार, द्यायला सांगितलाय. पण कसा? कणकेच्या गोळीत भरून, दाताला अजिबात न लागता, पाण्याबरोबर गिळायचा. का, तर तोंड सडायचं. म्हणजे हे विष आहे हे त्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच ग्रंथात दुसरा सौम्य इलाज दिलाय, चोपचिनीचं चूर्ण मधातून, आणि मीठ बंद. मीठ सुटतच नसेल तर सैंधव.

चीनमध्ये ली शिझेन नावाच्या वैद्यानं १५७८ साली औषधींचा प्रचंड ग्रंथ पुरा केला. त्यातही या जातीची मुळी आहे, आणि तिचा एक गुण काय सांगितलाय ऐका: पाऱ्याचं विष उतरवते. तिकडेही लोक फोड लवकर जावेत म्हणून पाऱ्याची पूड खात होते. फोड जायचे, पण सांधे धरायचे, जखमा चिघळायच्या. मग वैद्य त्यांना ही मुळी उकळून पाजत.

ती खरंच विष उतरवत होती का? मला नाही वाटत. उपदंश तर तिनं बरा होतच नाही. तो बरा होतो पेनिसिलिननं, हे १९४३ साली दिसून आलं. गरोदरपणात आपलं रक्त तपासतात, त्यात या रोगाचीही तपासणी असते. ती कुणी टाळू नका. तरी चोपचिनीनं लोकांना बरं का वाटायचं, हे तिच्या पथ्यात लपलंय असं मला वाटतं. मुळीचा काढा गरम प्यायचा. उबेत पडून राहायचं. साधं, ताजं, शिजलेलं खायचं. उन्हात जायचं नाही, दारू नाही. असे काही आठवडे. शिवाय जितके दिवस काढा, तितके दिवस पारा बंद! अंगाला एवढा आराम मिळाल्यावर कातडी सुधारणारच.

आता हे पथ्य कुणाला परवडत होतं? युरोपचा बादशहा पाचवा चार्ल्स चोपचिनी घ्यायचा. निजामशहाला परवडलं असतं. नांगरामागच्या माणसाला आणि त्याच्या बायकोला कोण महिनाभर झोपू देणार?

मला इथं आपल्या ऊसतोडीच्या बाया दिसतात. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, अंधारात फडावर जायचं. पाचट कापतं, हाताला, मानेला, गालाला बारीक चिरा पडतात, त्यात घाम जातो. दिवसभर ऊन. कोपीपाशी पाणी एक घागर, त्यात आधी स्वयंपाक, मग लेकरं, उरलं तर आपली अंघोळ. ओलं लुगडं अंगावरच वाळतं. मग जांघेत गजकर्ण, काखेत गजकर्ण, आणि ते दाखवायला लाज. उचल फिटेपर्यंत सुट्टी नाही. एक अक्का मला म्हणाली होती, "ताई, चेहरा पांढरा पडायला कशाला पाहिजे, नुसता जळजळायचा थांबला तरी बास."

तर ती काकूंची मुलगी. पाहुणे बघायला येणार म्हणून सहा महिन्यांआधी तिनं बाजारातून एक डबी आणली. डबीवर कंपनीचा पत्ता नाही, परवाना नंबर नाही, आत काय आहे ते नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. काकू मला म्हणाल्या होत्या, "उजळायलीय ना पोरगी, मग वाईट काय त्यात?" तीन महिन्यांनी गाल लाल, बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव आली, पुरळ आलं. डबी बंद केली की आग. परत लावली की बरं. मी गेले तेव्हा ती ओढणीत तोंड लपवून बसली होती.

डॉक्टरांनी बघताच सांगितलं, यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडचं मलम हे औषध आहे, डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावायचं. गोरं व्हायला रोज चोळलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ प्रकारची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात. गजकर्णावरही आपण तेच मागतो, "खाज थांबणारं द्या". खाज थांबते, पण खाली बुरशी पसरत राहते, आणि मग ती साध्या औषधाला दाद देत नाही.

काही डब्यांत तर याहून वाईट असतं. त्यात पारा असतो. तोच, फिरंग रोगाचा पारा, साडेचारशे वर्षांनी परत आला. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग तयार होतो, तो उन्हापासून सांभाळतो. पारा तो रंगच तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो. पण पारा कातडीतून आत जातो, मूत्रपिंडाचं वाटोळं करतो. २०२३ साली पेपरात आलं होतं, अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईला केईएम रुग्णालयात शोध लागला तो उजळण्याच्या क्रीममधल्या पाऱ्याचा. जपानच्या मिनामाता गावात पाऱ्यानं माणसं मेली, त्या गावाच्या नावानं २०१३ साली जगातल्या देशांनी करार केला. आपल्या देशानं तो २०१८ साली मान्य केला. कायदा आहे, पण बाजारातल्या डबीवर पत्ताच नसेल तर कायदा कुणाला धरणार?

पांढरं व्हायची ही हाव आपल्याकडचीच आहे असं समजू नका. जुन्या चीनमध्ये मोठ्या घरच्या बायका तोंडाला शिशाची पांढरी पूड लावायच्या. ते शिसंही विषच.

पण त्याच चीनमधली दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. सातव्या शतकात सुन सिमियाओ नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. तोंडाचं आणि हातांचं मलम करायच्या कृती त्या काळचे वैद्य लपवून ठेवत, स्वतःच्या पोरांनाही बाहेर सांगू देत नसत. यांनी त्या लिहून सगळ्यांसाठी मोकळ्या केल्या, घराघरात कळाव्यात म्हणून. आणि त्यातली रोज हात-तोंड धुवायची पूड कशाची? कडधान्याच्या पिठाची! त्यात सुगंधी मुळ्या, वनस्पती कुटून घातलेल्या. म्हणजे आपलं उटणंच की. तिकडे उन्हाळ्यात उष्णता कमी व्हावी म्हणून मुगाचं पातळ कढण पितात, गरम पाणी पितात, ताजं शिजवलेलं खातात. आपल्या आजीनं यात वेगळं काय सांगितलं असतं?

पुढच्या बैठकीत मी ही सगळी गोष्ट सांगितली. नवीन सून म्हणाली, "म्हंजे चायनीज फॉर्म्युला आपल्याकडं हायच की!" तरी पुडीवर ते छापायचं नाही असं ठरलं. 'गोरेपणासाठी' यावर मात्र तासभर भांडण झालं. दोघींनी तोंड वाकडं केलं. शेवटी पुडीवर आत काय काय आहे ते छापलं, तारीख टाकली, आणि 'आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा' असं लिहिलं, कारण हळदीनंही काहींना खाज सुटते. चिरा पडलेल्या कातडीवर लावू नका, हेही लिहिलं. रोग बरा होतो असं एक अक्षरही नाही. रोग बरा करतो म्हटलं की ते औषध झालं. मागच्या सालापेक्षा पुड्या थोड्या कमी खपल्या, हे खरं आहे.

फडावर जाणाऱ्या बायांसाठी गटानं दुसरं एक काम काढलं. नवऱ्यांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट गोळा केले, टाके घातले. खोबरेल तेलाच्या छोट्या बाटल्या भरल्या, कामावर जाण्याआधी आणि रात्री हाताला लावायला. मुकादमाशी बोलताना एक मागणी वाढवली, बायांच्या अंघोळीसाठी आडोसा आणि पाण्याची एक जादा टाकी. दोन टोळ्यांच्या मुकादमांनी हो म्हटलंय. तिसरा म्हणतो, बघू.

काकूंच्या मुलीला आम्ही अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्वचेच्या विभागात नेतो. मलम एकदम सोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं कमी करायचं, असं चाललंय. आग कमी झाली आहे. पाहुण्यांना तिनं स्वतःच पुढची तारीख कळवली. चोपचिनीची ती मुळी माझ्या कपाटात तशीच आहे, कागदात गुंडाळलेली. परवा तिनं ती हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "हिला तर कसलाच वास न्हाई."