शिंगरोबापुढे मंदावणारी चाके

१/८
जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर, बोरघाटाच्या चढणीत शिंगरोबाचे मंदिर आहे. येथे आजही अनेक चालक वेग कमी करतात, नाणे वाहतात आणि मग पुढे जातात. हा मान राजाचा नाही, गव्हर्नराचाही नाही. तो एका धनगराचा आहे.

२/८
लोककथा सांगते की, इंग्रजांना घाट चढण्याची वाट सापडेना. डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेल्या शिंगरोबाने ती दाखवली. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले. बदल्यात त्याला गोळी मिळाली.

३/८
सरकारी दप्तरांत मात्र निराळी नावे आहेत. घाटातला गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. रेल्वेमार्गाचे काम १८५६ ते १८६३ चालले. त्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच आजारपणात दगावले. पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे नेले.

४/८
या रेल्वेकामावर एका टप्प्यात सुमारे ४२ हजार मजूर राबत होते. सुरुंग, दरडी, पटकी आणि ताप यांनी हजारोंचा बळी घेतला. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत.

५/८
हा इतिहास संपलेला नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी ठाणे जिल्ह्यातील शहापूरजवळ सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारी अवजड यंत्रणा कोसळली. २० जण ठार झाले. त्यांतले अनेक जण परराज्यांतून पोटासाठी आलेले होते.

६/८
असे अपघात रोखणे अभियंते व कंत्राटदारांच्या हाती असते. पण रस्त्यावरच्या मजुराला आणखी एक धोका असतो: भरधाव वाहन. तो रोखणे केवळ चालकाच्या हाती आहे.

७/८
ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडण्याआधीच. वेग निम्मा केला की धडकेची ऊर्जा चौथाई होते. म्हणूनच काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी सूचनाफलक लावतात. पहिला फलक दिसताच वेग कमी करावा, ऐनवेळी मार्गिका बदलू नये, झेंडीवाल्याचा इशारा पाळावा.

८/८
कोलशेतहून कापूरबावडीमार्गे घोडबंदर रस्त्याला लागणाऱ्यांनी मेट्रोच्या खांबांभोवतीचे पत्रे आणि रात्रीच्या दिव्यांत काम करणारी माणसे वर्षानुवर्षे पाहिली आहेत. शिंगरोबापुढे वेग आपोआप कमी होतो. तोच मान पिवळ्या शिरस्त्राणातल्या जिवंत माणसालाही मिळायला हवा. त्यासाठी नाणे लागत नाही.